मावशींची झोप

काल एसटीत माझ्या समोरच्या बाकावर एक भाजीवाली बाई शेजारच्या अनोळखी मुलीच्या खांद्यावर डोकं टेकून गाढ झोपली होती. मुलीचं गाव आलं, पण ती उठली नाही. कंडक्टरला हळूच म्हणाली, "पुढच्या स्टॉपचं तिकीट द्या. मावशींची झोप मोडेल."

मला एकदम भरून आलं. सहा वर्षं मला झोप नव्हती. शाळेत फळ्यावर लिहिता लिहिता पुढचा शब्दच आठवेनासा व्हायचा. शेवटी एका डॉक्टरबाईंनी माझ्या झोपेच्या गोळ्या हळूहळू कमी केल्या आणि सांगितलं, "झोप आली नाही तर अंथरुणात तळमळत राहू नका, उठून बसा. सकाळी मात्र ठरल्या वेळी उठायचंच." ते पाळणं जिवावर यायचं. आमचे हे आठपर्यंत लोळणारे, पण त्या दिवसांत रोज साडेपाचला चहा करून माझ्या उशाशी उभे राहायचे. "ऊठ, फिरून येऊ," म्हणायचे. असे कित्येक महिने गेले. झोप ज्याची त्याची म्हणतात, पण माझ्या झोपेसाठी दुसऱ्या कुणीतरी आपली झोप मोडली होती.

मग एका सकाळी मीच आधी जागी झाले. खिडकीत नुकतंच फटफटलं होतं आणि रात्र कधी सरली ते मला कळलंच नव्हतं. मी यांना हलवून म्हटलं, "अहो, मी झोपले होते!"

कूस बदलत हे म्हणाले, "माहीत आहे. चांगली घोरत होतीस."

इतकं गोड मला आयुष्यात कुणी बोललं नव्हतं.