मागे राहिलेली बाळं

वेल्समधलं ते गाव बघायची कल्पना माझ्या नवऱ्याची. बँक हॉलिडेला इंग्लंडमधल्या मिल्टन कीन्सच्या घरात बसलो की पुण्याला परत जायचा विषय निघतो आणि आमचं वाजतं, म्हणून तो मला डोंगरात घेऊन गेला. शाळेच्या पाट्या ज्या दगडाच्या करतात, त्याची खाण होती तिथे. खाण बंद पडली, माणसं चंबूगबाळं आवरून गेली. घरांना छपरं नाहीत, रस्त्यावर मेंढ्या. धड उभी आहे ती फक्त दफनभूमी.

"काय व्ह्यू आहे बघ!" तो म्हणाला.

डोंबलाचा व्ह्यू. मी भिंतीलगतचे बुटके दगड बघत होते. वेल्श मला कुठली यायला, पण तारखा कळतात. एकावर जन्माची होती तीच मृत्यूची.

आमची मुलगी जन्मली तीच गेलेली. बारसं नाही, त्यामुळे नाव नाही. आपल्यात एवढ्याशा बाळाला अग्नी देत नाहीत, म्हणून कौन्सिलच्या सिमेट्रीत पुरलं. सासूबाई फोनवर म्हणाल्या, "दगडबिगड बसवू नका. विसरायचं असतं." त्या वाईट नाहीत, पण विसरा म्हणायला काय जातं! कुंपणापाशी नुसता गवताचा तुकडा आहे. मी कामावर जाताना तिथे थांबते. माझ्याशिवाय कुणाला तो सापडायचाही नाही.

आता तिकडे पुण्यात सासूबाई बाथरूममध्ये पडल्यात, खुबा मोडलाय, घरात एकट्या. नवरा एकुलता एक. कायमचं परत जाऊ, म्हणतो. मी दर वेळी नोकरीचं कारण पुढे करते आणि तो मला स्वार्थी समजतो.

"ह्या बाळांना इथे टाकून कशा गेल्या असतील रे त्यांच्या आया?" मी विचारलं.

"काम संपलं, गेल्या. करणार काय?"

"करणार काय म्हणजे?" मी एवढ्या जोरात ओरडले की मेंढ्या पळाल्या. "निघताना ह्यांना काय सांगितलं असेल?"

तो माझ्याकडे वळला. "तू ह्यासाठी नाही म्हणतेस?"

"मग काय, त्या मेल्या नोकरीसाठी?"

तो तिथेच ओल्या गवतात बसला. म्हणाला, "तिकडे आई एकटी आहे गं."

"माहितीये. रोज मीच बोलते त्यांच्याशी. पण आपण गेलो की इकडे आपली पोरसुद्धा एकटीच ना?"

तो रडायला लागला. तेवढ्यात माझा फोन वाजला. सासूबाईच. आवाज अगदी बारीक झाला होता. "कधी येताय गं? मला आता एकटीला नाही होत."

"येतो, आई," मी म्हणाले. तोंडातून निघूनच गेलं.

नवऱ्यानं डोळे पुसले, माझा हात धरला. मला त्याचा भयंकर राग आला. शब्द मी दिला होता, तो सुटला होता.