मोताळ्याचा दुसरा बाजार

मलकापूर स्थानकावर उतरलो तेव्हा नुकतेच उजाडले होते. माझी मुलगी सायली तेथून जवळच, मोताळ्यात, एका मराठी चित्रपटाच्या चित्रीकरणावर होती. तिची आई गेल्यानंतर पहिले वर्ष ती अधूनमधून नाशिकला घरी येत असे. पुढे तेही थांबले. 'घरी कधी येशील?' असे फोनवर विचारले की पलीकडचा आवाज बारीक होत जाई. तो प्रश्न समोर बसून विचारावा, एवढ्यासाठीच मी निघालो होतो.

एस.टी.च्या दोन्ही बाजूंना कपाशी फुटली होती. सोयाबीन काढून मोकळी झालेली वावरे (शेते) ऊन खात पडली होती आणि समोर, बुलढाण्याच्या दिशेने, डोंगराची निळसर कड हळूहळू वर येत होती. शेजारी एक वृद्ध गृहस्थ बसले होते.

"पाव्हने, मोताळ्याले कोनाकडं?"

"मुलीकडे. तिथे शूटिंग चालू आहे ना, त्यात आहे ती."

"हिरोईन हाय का?"

"नाही."

"मंग काय करते?"

मला नीट सांगता येईना. "काम करते," मी म्हणालो.

"काम तं सारेच करतेत," असे म्हणून ते खिडकीबाहेर पाहू लागले. त्यांनी सहज म्हटले. मला मात्र ते उरलेला रस्ताभर पुरले. मुलीचे शिक्षण, तिची पहिली नोकरी, ती सोडल्याचा दिवस, सारे मला तपशीलवार आठवत होते. मात्र ती ज्यात रमली त्या कामाचे नावसुद्धा मी कधी विचारून घेतले नव्हते.

मोताळ्यात उतरून विचारत विचारत गेलो, तर मोकळ्या मैदानात बाजार भरलेला. लसणाच्या जुड्या, लाल मिरचीचे ढीग, टोपल्या, दोरखंड, बांगड्यांची दुकाने. आठवडी बाजाराच्याच दिवशी आलो, असे वाटून बरे वाटले. रिकाम्या हाताने कसे जावे? सायलीला भरीत आवडते. एका बाईंसमोर वांगी होती, हिरवट पांढरी, काटेरी देठांची. मी वाकून एकेक वांगे दाबून पाहू लागलो.

"एवढं काय निरखून राह्यले, भाऊ?" त्या म्हणाल्या. "वांगं घ्याचं हाय का पोरीसाठी स्थळ पाह्याचं हाय?"

"किडके निघाले तर?"

"किडकं निघालं तं मलेच आनून द्या. मी काय पयून जाऊन राह्यली का?"

भावावरून आमची बरीच घासाघीस झाली. वांगी पिशवीत टाकून मी सरळ उभा राहतो, तोच कोठूनसा 'कट' असा आवाज आला आणि सारा बाजार जागच्या जागी सैल पडला. मिरचीवाल्याने बिडी काढली. बांगड्या घेणारी मुलगी बांगड्या परत करून निघून गेली. एक तरुण, साहाय्यक दिग्दर्शक, माझ्याकडे धावत आला.

"काका, तुम्ही फ्रेममध्ये कसे आलात?"

वांगीवाल्या बाईंचा हात तोंडावर गेला. "माय वं! मले वाटलं, हे बी शुटिंगचेच मानूस हाय. इतके बेस भाव करून राह्यले होते."

मग उलगडले. खऱ्या बाजाराला अवकाश होता. हा चित्रपटासाठी मांडलेला बाजार होता. वांगीवाल्या बाई, द्वारकाबाई, मात्र खऱ्या भाजीवाल्या होत्या, जवळच्याच खेड्यातल्या. 'नेहमी करता तसंच करा' असे त्यांना सांगितले होते, म्हणून गिऱ्हाईक आल्यावर त्यांनी माल विकला. मी गिऱ्हाईक होतो, म्हणून मी तो घेतला.

तेवढ्यात कोणी तरी हाक मारली, "कंटिन्यूटी!" येथे माणसांना कामाच्या नावाने हाका मारण्याची रीत आहे. 'साऊंड', 'मेकअप', 'आर्ट' अशी हाक येते आणि त्या त्या खात्याचे माणूस धावते. या हाकेला छातीशी टॅब धरून माझी मुलगी आली. एका शॉटमधले सारे पुढच्या शॉटमध्येही तसेच आहे ना, हे पाहणे तिचे काम. मला पाहून ती थबकली.

"बाबा?"

मी पिशवी थोडी वर केली.

ती दिग्दर्शकाकडे गेली, त्याच्यापुढच्या छोट्या पडद्यावर नुकतेच टिपलेले दृश्य पाहिले, दोघांचे बोलणे झाले. परत येऊन म्हणाली, "आता हा सीन संपेपर्यंत तुम्हाला थांबावं लागेल. नायिकेच्या मागे तुम्ही स्पष्ट दिसताय. पुढच्या शॉटमध्ये नसलात तर माणूस हवेत विरल्यासारखा वाटेल."

मग तिने माझी छायाचित्रे घेतली: समोरून, पाठीमागून, हातांची वेगळी. मी शर्टाचे वरचे बटण लावू लागलो, तर म्हणाली, "राहू द्या. उघडं होतं. पिशवी डाव्या हातात." चष्मा नाकावर किती खाली आहे, हेही तिने वाकून पाहिले. आईच्या आजारपणानंतर तिने माझ्याकडे इतक्या जवळून पाहिल्याचे मला आठवत नाही.

दिवसभर वाट पाहणे हेच माझे काम होते. पडद्यावर हा प्रसंग फार तर दोन मिनिटांचा. हरवलेल्या भावाला शोधत नायिका बाजारातून जाते, एवढेच. कॅमेरा चालवणारा एक. त्याच्या शेजारी केवळ अंतर पाहून चित्र स्पष्ट ठेवणारा दुसरा, आणि चूक झाली की त्याचा चेहरा पडे. ध्वनिमुद्रक डोळे मिटून बसलेला. रस्त्यावर ट्रॅक्टर वाजला की तो नुसता हात वर करी आणि सारे थांबे. ट्रॅक्टरवाल्यांना हात जोडून थोपवायला वेगळा माणूस. टोपल्या फार नव्या दिसतात म्हणून कलाविभागाची एक मुलगी त्यांवर माती चोळत होती. उन्हापुढे पांढरे कापड ताणून उभे असलेले दोघे लाइटमन दुपारपर्यंत काळवंडले होते. यांतले कोणीच पडद्यावर दिसणार नव्हते. चित्रपटाच्या शेवटी नावे वर सरकू लागली की मी नेहमी उठून चपला शोधू लागतो.

मेकअपवाले नानाजी मूळचे शेगावचे. कागदात गुंडाळलेली कचोरी त्यांनी माझ्यापुढे धरली. नायिकेच्या कपाळावर ते बाटलीतून घाम फवारीत.

"तिला तर खराच घाम आलाय," मी म्हणालो.

"खरा पुसा लागते, दादा, खोटा लावा लागते. खरा कुठं बी येते, अन् मंग याच सायलीताई माह्या मागं लागतेत. काल घाम डाव्या बाजूले होता, म्हनतेत." ते हसले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "एक सांगू का? डायरेक्टर साहेब तं म्हनत होते, नवा शॉट घेऊ, काकाले सोडून देऊ. तुमच्या पोरीनंच अडवलं. म्हने, शॉट चांगला हाय, राहू द्या."

कचोरी हातात तशीच राहिली. तिने मला थांबवून घेतले होते.

प्रसंग अपुराच राहिला, म्हणून रात्री मी मंडळींच्या मुक्कामी राहिलो. दुसऱ्या दिवशी तोच शर्ट, तीच पिशवी, तसाच बाजार. कालची वांगी मरगळली होती, म्हणून द्वारकाबाईंनी सकाळीच ताजी तोडून आणली होती. सायलीने त्यांतून देठांच्या आकाराची जुळणारी निवडली. आमची घासाघीस पुन:पुन्हा झाली.

"कालच्याच भावात कसं देऊ, भाऊ?" द्वारकाबाई एकदा कुरकुरल्या. "सारी दुनिया महाग होऊन राह्यली, अन् तुमचं वांगं तेथंच अडकलं."

"बाबा, वांगं आधी उजव्या हातात," सायली लांबून सांगे. मी हात बदलत असे. हा प्रसंग कधी संपूच नये, असे मला वाटत होते.

दिवस कलता कलता तो संपला. द्वारकाबाईंच्या घरच्यांनी मैदानाच्या कडेला रोडगे (गोवऱ्यांच्या निखाऱ्यांत भाजलेले कणकेचे गोळे) केले होते. सोबत वरण आणि आमच्या चित्रीकरणातल्या वांग्यांची झणझणीत भाजी. सारी मंडळी एका ओळीत बसून जेवली. एवढ्या लोकांत सायली मोकळेपणी हसत होती. ते हसू मी ओळखत होतो. बऱ्याच दिवसांनी ऐकत होतो.

जेवणानंतर आम्ही दोघे एका पालथ्या खोक्यावर बसलो. समोर बाजार उचलला जात होता. मी विचारले, "घरी कधी येशील?"

तिने सामान उचलणाऱ्या माणसांकडे पाहत उलट विचारले,

"फ्रिजवर आईचा चष्मा आहे अजून?"

"आहे."

"आणि खिडकीतली तिची खुर्ची? तिरपी, पाठीवर शाल?"

"तशीच आहे. काही हलवलेलं नाही."

"तेच," ती म्हणाली. "बाबा, वस्तू जशाच्या तशा ठेवणं हे माझं कामच आहे. पण पुढचा शॉट घ्यायचा असतो म्हणून आम्ही त्या तशा ठेवतो. तो झाला की हे बघा, सगळं उचलतात. आपल्या घरात मी आले की वाटतं, सगळं लावून ठेवलंय आणि सगळे आईची वाट बघतायत. मला तिथे बसताही येत नाही."

"मी ते तुझ्यासाठी ठेवलं होतं."

"माहीत आहे मला. म्हणून तर बोलले नाही इतके दिवस."

मी ते खरेच तिच्यासाठी ठेवले होते का, याचे उत्तर मला त्या खोक्यावर देता आले नाही. तिने माझ्या शर्टाचे वरचे बटण लावले आणि आम्ही उठलो. सकाळी एस.टी. स्थानकावर ती सोडायला आली, पण गाडी सुटण्याआधीच तिला सेटवरून फोन आला आणि ती गेली. मलकापूरच्या वाटेवर कापूस वेचणाऱ्या बाया ओळीने पुढे सरकत होत्या. मी पाहत होतो, पण फारसे दिसत नव्हते.

नाशिकला घर उघडले. चष्मा त्याच्या डबीत घालून कपाटात ठेवला. फ्रिजवर त्याच्याखालची जागा तेवढी स्वच्छ होती. खुर्चीला वेळ लागला. शालीची घडी केली, पुन्हा उलगडली, पुन्हा केली. अखेर खुर्ची खिडकीतून हलवली आणि सायलीला फोन केला.

"खुर्ची काढली खिडकीतून."

"कुठे ठेवलीत?" तिने विचारले.

"अजून ठरलं नाही."

"घाई करू नका," ती म्हणाली. "मी पण विचार करते."

ते 'येते' नव्हे, हे मला कळते. तिच्यामागे मोताळ्याचे काम आहे, मग आणखी कोठले असेल. तिच्या येण्यापर्यंत मी खुर्ची भिंतीला लावणार नाही. ती बैठकीच्या मधोमध उभी आहे आणि येता-जाता पायाला लागते.