भारी औषध

नांदेडच्या डायलिसिस केंद्रातल्या डॉक्टरीणबाई गरिबाला हलकं औषध देतात, असं आमच्या मुखेडकडं बोललं जातं. ते मीच पसरवलं, म्हणून खरं काय ते लिहितो.

माझी बायको तिथं डायलिसिसवर होती, तिला ताप येऊ लागला. बाई तापाआधी थंडीची चौकशी करायच्या. "मावशी, थंडी मशीनवर वाजली का घरी?" आणि उत्तर येईपर्यंत मान तिरकी करून थांबायच्या. माझी बायको "मशीनवर" म्हणाली, तशी त्यांची नजर डायलिसिससाठी तिच्या मानेत बसवलेल्या नळीवर गेली. नळीवाटे रक्तात जंतू शिरले असावेत, म्हणाल्या. रक्त तपासायला पाठवून त्यांनी महागडं इंजेक्शन सुरू केलं. रिपोर्ट आल्यावर मात्र ते बंद करून जुनं, स्वस्त लावलं.

"भारी होतं, ते कामून काढलं?" मी चिडलो.

"भारी म्हंजी काय, काका? किंमत का वजन?"

"पावर."

"जंतू कोणता ते कळंना, तवर ते बरं होतं. आता कळलंय. ह्या जंतूवर हे जुनंच जास्त चालतं."

मला पटलं नाही. बायको हातची जाणार, या भीतीनं मी बाहेर बाकावर वाटेल ते बोलत सुटलो.

त्यांनी नळी काढली. ताप उतरला, तरी पुन्हा रक्त तपासलं. "ताप गेला म्हंजी जंतू गेला असं न्हाई." तोही रिपोर्ट स्वच्छ आला.

"मॅडम, मी बाहेर लई बोललो तुमाला."

"ऐकलं मी. दार पातळ हाय," असं म्हणून त्या बायकोकडं वळल्या. "मावशी, भाकर जाऊ लागली का आता?"