वाळवलेलं अंग

वैशाखातल्या पहिल्या सोमवारी, सकाळी साडेसात वाजता, रोह्याजवळच्या एका कारखान्यात तात्यांना नापास केलं. बॉयलरवर आयुष्य घालवलेला माणूस एका यंत्रानं अर्ध्या मिनिटात बाद केला.

तात्या पेणहून कंपनीच्या बसमध्ये चढायचे ते पाण्याची मोठी बाटली काखेत मारूनच. मी पॅकिंगला होते, सुट्टीत कामगारांची पत्रकं वाटायचे. मला बघितलं की त्यांचा पहिला प्रश्न, "काय गो पत्रकवाले, पानी प्यालीस?" नाही म्हटलं तर बाटली पुढे. "आधी पी. भांडन मंग कर." मागून कुणीतरी ओरडायचं, "तात्या, टाकी फुल हाय ना?" ते पोटावर थाप मारायचे. "हाय! तुज्या घरची नाय भरली."

तेच पोट नडलं. ठेकेदारानं नियम काढला, दरवर्षी यंत्रावर उभं राहायचं, अंगातली चरबी ठरवलेल्या रेषेच्या वर गेली तर बॉयलरवर पाऊल नाही. आदल्या वर्षी तात्या रेषेला टेकले होते. म्हणून यंदा त्यांनी आदल्या दुपारपासून पाण्याचा थेंब घेतला नाही, आणि अख्खी रात्रपाळी घाम गाळून तसेच रांगेत आले. ओठ फुटलेले. मी बाटली पुढे केली तर हात आडवा.

"भात वाळवूनच काट्यावर नेतात गो. ओलं भात वजनाला जास्त भरतं. अंग पन तसंच."

मी हसले. त्या हसण्याची मला आजही लाज वाटते.

कारण ते यंत्र चरबी थेट मोजतच नाही. तळपायांतून बारीक करंट सोडतं. अंगात पाणी असेल तर तो सहज जातो, कमी असेल तर अडतो, आणि यंत्र त्या अडण्याला चरबी समजतं. वाळलेले तात्या त्याला जास्तच लठ्ठ दिसले.

हे मला कळलं आठवड्यानं, यंत्रामागच्या भिंतीवरचा कागद वाचून. भरल्या पोटी येऊ नका, घाम गाळून येऊ नका, पाणी नेहमीसारखं प्या. सगळं इंग्रजीत! मी ठेकेदाराच्या माणसाला म्हटलं, त्यांना पाणी पाजून परत मोजा. तो म्हणाला, "मशीन खोटं बोलत नाय, मॅडम."

तात्या आता कोलाडला हायवेवरच्या ढाब्यात टेबलं पुसतात. परवा मी तिथे गेले तर काही विचारायच्या आत त्यांनी माझ्यापुढे ग्लास ठेवला. "पी." 'भांडन मंग कर' मात्र म्हणाले नाहीत.

ते भांडण आता आपण करायचं. तुमच्या कारखान्याच्या गेटवरही हे यंत्र येईल. त्या दिवशी पाणी पिऊन जा, रांगेतल्या पुढच्याला पाजा, आणि तो कागद मराठीत लागेपर्यंत यंत्रावर पाय ठेवू नका.