केम्निट्झच्या घराची नजर

आकांक्षाला जर्मनी पाठ होती. भाड्याच्या घरात शेगडीसुद्धा कधीकधी आपणच आणावी लागते, रविवारी बाटल्या फेकायच्या नसतात, डॉक्टरला 'तू' म्हणायचं नसतं. अमरावतीच्या एका खाजगी दवाखान्यात ती नर्स होती. ड्यूटी संपली की थेट जर्मन भाषेच्या क्लासला जायची आणि खोलीवर आली की धाकट्या बहिणीला, पौर्णिमाला, सगळं पुन्हा शिकवायची. पौर्णिमाही नर्सच. दोघींनी अर्ज एकाच दिवशी भरले होते.

भाषेची तोंडी परीक्षा जोडीजोडीनं होती, त्यात नेमकी दोघींचीच जोडी पडली. पौर्णिमा मधेच अडकली, तिचे डोळे भरून आले. आकांक्षानं तिला सोपे सोपे प्रश्न विचारले, बोलतं केलं आणि स्वतः गप्पच राहिली. पौर्णिमा पास झाली. आकांक्षा त्याच एका पेपरात राहिली. आता पौर्णिमा जर्मनीत केम्निट्झला होती आणि आकांक्षा अमरावतीतच, चौघींच्या खोलीत, खिडकीपासून सगळ्यात लांबच्या पलंगावर.

रविवारी ती अकोल्याला आईकडे, गोदाबाईंकडे यायची. त्या रविवारी दुपारी गोदाबाईंनी फोन तेलाच्या बरणीला टेकवला. पौर्णिमानं दोनच दिवसांपूर्वी हॉस्टेल सोडून स्वतःचं भाड्याचं घर केलं होतं. तिकडं अजून सकाळ होती.

"हळू फिरव वं," गोदाबाई म्हणाल्या, "मले गरगरते."

"हे पाय आई, हे भिंतीले लावलं ना, यानं घर गरम होते. अन् ही बाल्कनी. ताई, दिसून राहिलं का?"

"दिसते," आकांक्षा म्हणाली. ती वांगी चिरत होती. त्या घराचा अकरा पानांचा करार तिनंच फोनवर वाचून समजावला होता. बाल्कनी किती फुटांची हेही तिला ठाऊक होतं. तिथं कोवळं ऊन पडतं, हे मात्र करारात नव्हतं.

"कसं हाय, ताई?"

"लहान हाय."

"एकटीले पुरते ना."

चौघींच्या खोलीतल्या माणसाला हे ऐकावं लागलं. आकांक्षानं वांग्याचं देठ जरा जास्तच खोल कापलं.

"तिकडं गेल्यापासून सायकलवरून पडली, पेटी हरवली, ताप आला," गोदाबाई बोटांवर मोजत होत्या. "नजर उतरोल्याशिवाय घरात राहायचं नाई. मी देल्या त्या मिरच्या हायेत ना? मीठ-मोहरी घे मुठीत. फोन समोर ठेव. सोताची सोताले उतरोता येत नाई, मी इथून म्हनतो."

पौर्णिमानं मूठ धरली. अकोल्यात गोदाबाईंनी रिकामी मूठ फोनभोवती फिरवायला घेतली.

"आल्याची, गेल्याची, दारच्याची, घरच्याची..."

घरच्याची म्हणताना आकांक्षानं मान वर केली नाही.

"आता टाक तव्यावर."

वऱ्हाडात हा हिशोब सगळ्यांना ठाऊक. मिरच्या जळल्या आणि ठसका लागला, तर काही नव्हतं. मिरच्या जळूनही ठसका लागला नाही, तर नजर लागली होती, आणि जबर लागली होती.

तिघी थांबल्या. मिरच्या काळ्या पडलेल्या दिसत होत्या.

"आला का ठसका?"

"नाई."

"जराबी?"

"नाई ना आई."

गोदाबाईंनी कपाळाला हात लावला. "हे तिवस्याच्या जमुनाचंच काम. पेढा घेताघेता म्हने, बरं नशीब काढलं तुह्या पोरीनं. थांब, लावतो तिले फोन."

"जमुनामावशी कशाले मधात?" आकांक्षा म्हणाली.

"मंग कोनाची लागली? तू सांग." उत्तराची वाट न पाहता त्या फोनकडे वळल्या. "पौर्णिमे, ते घर सोड. हॉस्टेलची खोली महिनाभर तुह्याच नावावर हाय ना? तिथंच जाय."

पौर्णिमाचा चेहरा पडला. "ताई, तू सांग. सोडू का?"

आकांक्षाला मघापासून एक घरघर ऐकू येत होती. शेगडीवरचा धूर ओढणारा पंखा. धूर झाला की छताला लावलेलं धोक्याचं यंत्र बोंबलतं, पंखा आधी लाव, हे तिनंच बजावलं होतं. ठसका त्या पंख्यातून बाहेर गेला होता. हे एवढंच सांगायचं होतं.

आणि सांगितलं नाही, तर बाल्कनी गेली. ऊन गेलं. पौर्णिमा परत हॉस्टेलात, कुणा दुसरीसोबतच्या खोलीत.

"ताई?"

तिनं एक फोड चिरली. दुसरी चिरली. पौर्णिमा भरल्या डोळ्यांनी बघत होती, परीक्षेच्या खोलीत बघितलं होतं तशीच, आणि आकांक्षाला तिचा मनापासून राग आला.

"पंखा बंद कर," ती म्हणाली. "दुसऱ्या मिरच्या टाक."

घरघर थांबली. अर्ध्या मिनिटात पौर्णिमा अशी खोकायला लागली की फोन आडवा पडला. छताचं यंत्र केकाटलं. "खिडकी उघड, टॉवेल हालव," आकांक्षा ओरडत होती, आणि गोदाबाई मात्र हसत होत्या.

"लागला बाप्पा ठसका. कोनाचीच नाई नजर."

"लागली होती," आकांक्षा म्हणाली. "माही."

"काय माही?"

"नजर. दोन दिवसांपासून लावून राहिली. मले पायजे होतं ते घर."

"काहीबी बोलते. बहिनीची कुठं लागते?" गोदाबाई उठल्या आणि वांगी उचलून चुलीकडे गेल्या. त्यांच्यापुरतं प्रकरण मिटलं होतं. आकांक्षाला वाटलं, आपण एवढं जळलो, त्याची कोणी साधी दखलही घेऊ नये.

फोन सरळ झाला. पौर्णिमाचं नाक लाल होतं.

"मले ठाऊक होतं," ती हळूच म्हणाली. "तू 'लहान हाय' म्हनली तव्हाच."

"मंग विचारलं काहून, सोडू का म्हनून?"

"दुसऱ्या कोनाले विचारू?"

आकांक्षानं ओढणीला हात पुसले आणि फोन बरणीपासून उचलून जवळ धरला.

"बाल्कनी दाखव परत. मघा नीट पायली नाई म्या."

"जळशीन."

"जळू दे. फिरव."