दगडूदादाची खाट

अबुधाबीतल्या रुवैसचा हमरस्ता सोडून वाळूत आत शिरलं की आमचा मळा लागतो. खजूर, काकडी आणि कामगारांची पत्र्याची वस्ती. मी इथली भाजी दुबईला पोचवणारा ड्रायव्हर. दगडूदादा इथला सगळ्यात जुना कामगार, तो आला तेव्हा ही वस्ती म्हणजे संगमेश्वराकडचं एक गावच होतं. वीस माणसं, सगळी एकमेकांची सोयरी नाहीतर शेजारी. आता माणसं दुप्पट झालीत. नेपाळी, बांगलादेशी, युगांडाची. आमच्या गावचे उरलो तिघे. पगार मात्र उलट्या वाटेने गेला. दादाला सुरुवातीला मिळायचा तेवढाही आज नव्या माणसाला मिळत नाही.

माणूस कुठलाही येवो, दादाला त्याचं वावडं नव्हतं. नव्याचं पहिलं जेवण दादाच्या हातचं, भात आणि माशाचं कालवण. पण दुसरा एक रिवाज त्याने जिवापाड जपला होता. जो कायमचा घरी जाईल, त्याने आपल्या खाटेवर गावचा माणूस आणायचा. दादाची खाटही अशीच त्याच्या काकाकडून आलेली.

गुडघे बोलायला लागले तसं त्याने ठरवलं, आता खाट रामेश्वरला द्यायची. रामेश्वर त्याचा मुलगा, चिपळूणला हार्डवेअरच्या दुकानात कामाला. मॅनेजर विजयकुमार साहेब आमच्याच जिल्ह्यातले, लांज्याकडचे. दुबईत बायकामुलांसह राहतात, अधूनमधून मळ्यावर येतात. त्यांनी दादाच्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं, "व्हिसाचं माझ्यावर सोड. फक्त या वर्षी तुझ्या लोकांना पगारवाढीचं बोलू देऊ नकोस. ओनरसमोर माझी पोझिशन ऑकवर्ड होते."

आपला माणूस! या दोन शब्दांनी आमचं जेवढं वाटोळं केलंय, तेवढं या उन्हानेही केलं नाही. दादाने सगळ्यांना गप्प बसवलं. त्याच्या शब्दाखातर आम्ही बसलो. तिकडे साहेबांच्या भरवशावर रामेश्वरने दुकानाची नोकरी सोडली.

परवा शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, साहेबांच्या गाडीतून अर्सलान नावाचा एक तरुण उतरला. मुलतानकडचा. साहेब पंप बघायला गेले आणि दादाने नव्या माणसासाठी कालवण टाकलं. अर्सलान बिचारा भोळा. म्हणाला, "चाचा, आपकी खाट कौन सी है? सर ने बोला, वही मेरी है. आप तो घर जा रहे हो ना?"

दादाने गॅस बारीक केला. "उसपे मेरा लडका आनेवाला है."

"नहीं चाचा. सर बोले, उस गाँव का आदमी अब नहीं लेंगे. एक गाँव के लोग मिलके पगार माँगते हैं."

साहेब परतले तेव्हा दादाने सरळ विचारलं. साहेब मोबाइलवरून नजर न काढता म्हणाले, "दगडू, पॉलिसी चेंज झाली रे. मिक्स स्टाफ ठेवायचाय. माझ्या हातात काही नाही. रामेश्वरचं बघू नंतर, इन्शाल्ला."

मला राहवलं नाही. "साहेब, पगार तर आम्ही मागितलाच नाही. दादानेच मागू दिला नाही."

"अरे, खलास तो विषय. वास काय मस्त सुटलाय! वाढा ना."

दादाच्या जागी मी असतो तर ते कालवण त्यांच्या डोक्यावर ओतलं असतं. दादाने आधी अर्सलानला आपल्या खाटेवर बसवून वाढलं. मग साहेबांपुढे थाळी ठेवली. त्यांनी भात कालवला तेवढ्यात दादाचा फोन वाजला. रामेश्वरचा होता, साहेब येणार हे त्याला ठाऊक होतं. दादाने स्पीकर चालू करून फोन थाळीशेजारी ठेवला.

"बाबा, साहेब आले का? काय म्हणाले? कधी निघू मी?"

साहेबांचा हात भातातच राहिला.

"सांगा ना, साहेब," दादा शांतपणे म्हणाला. "आपलाच पोरगा आहे."