स्वप्नांची हजेरी

दुसऱ्याच्या झोपेची आमच्या वेल्फेअर साहेबांइतकी काळजी करणारा माणूस या पृथ्वीवर झाला नाही, आणि पुढे होईल असंही मला वाटत नाही. पनवेलजवळ कोन गावातल्या आमच्या खोक्यांच्या कारखान्यात कामगारांचं भलं पाहणं ही त्यांची नोकरी. इतर ठिकाणी असे साहेब पंखे, पाणी आणि कॅन्टीनमधली डाळ बघतात. आमचे साहेब सकाळी गेटवर खुर्ची टाकून बसत आणि आत येणाऱ्या प्रत्येकाला विचारत, “काय स्वप्न पडलं?” ‘कसा आहेस’ विचारलं की अर्धमेला माणूसही ‘बरा आहे’ म्हणतो, हे त्यांचं म्हणणं. मी डिस्पॅचला नवा लागलो तेव्हा मला वाटलं, साहेबांचा एखादा स्क्रू ढिला असणार. आठवड्याभरात मीही खांदा कॉलनीतून निघताना रिक्षात बसल्या बसल्या रात्रीचं स्वप्न आठवू लागलो.

नेऱ्याहून येणारे कटिंग मशीनवरचे नाना एकदा म्हणाले, “सायेब, बैल पान्यात गेला. मी हाका मारतोय, पन आवाजच नाय.” साहेबांनी त्यांना तिथल्या तिथे मशीनवरून काढून लेबलं चिकटवायला बसवलं. नंतर कळलं, त्यांची बायको आठवडाभर दवाखान्यात होती आणि नानांनी कुणाला सांगितलं नव्हतं. याच्या उलट फोर्कलिफ्ट चालवणारा सलीम. तो रोज थाप मारायचा. “अल्ला कसम साहेब, काल ख्वाबात फोर्कलिफ्ट घेऊन खाडीवरून उडत उरणला गेलो! मिठागरावरचे लोक टाळ्या वाजवायला लागले.” आम्ही हसायचो. साहेब मात्र गंभीरपणे मान हलवत. “इतकं खोटं रचायला डोकं शांत लागतं. जा, तू एकदम ठणठणीत आहेस.”

मग स्वाइन फ्लू आला. सगळ्यांच्या तोंडाला मास्क आणि खिशात कापूर-वेलचीची पुरचुंडी. गेटवर थर्मामीटर आला. ताप निघाला की घरी जायचं, आणि कंत्राटी माणूस असेल तर परत यायचंच नाही, असा वरून हुकूम होता. साहजिकच लोक तापाची गोळी गिळूनच यायचे आणि थर्मामीटर सगळ्यांना आत सोडायचा. अशाच एका सकाळी साहेबांनी सलीमला विचारलं. तोही कंत्राटीच. मास्कमधून तो पुटपुटला, “काही नाही, साहेब. झोपलो, उठलो.”

साहेब खुर्चीतून ताडकन उठले. “याला खोटंसुद्धा सुचत नाही! हा फार आजारी आहे,” म्हणाले, आणि थर्मामीटरवाला नको नको म्हणत असताना सलीमला स्वतःच्या स्कूटरवर मागे बसवून पनवेलला दवाखान्यात घेऊन गेले. स्वाइन फ्लूच निघाला. आणखी दोन दिवस गेले असते तर अवघड होतं, असं डॉक्टर म्हणाले. तो अंथरुणात होता ते सगळे दिवस साहेबांनी त्याची हजेरी लावली. मॅनेजरने जाब विचारला तेव्हा लेखी उत्तर दिलं, ‘सदर इसम माझ्या आदेशावरून झोपलेला आहे.’

सलीमची नोकरी वाचली. साहेबांची खुर्ची मात्र गेटवरून उचलून मागच्या खोलीत, जुन्या फायलींत ठेवली गेली. निवृत्तीला वर्षच उरलं होतं, त्यामुळे ते रोज तिथे जाऊन बसत. एकदा सहीसाठी गेलो तेव्हा ते खिडकीतून नुसते बाहेर बघत होते. मीच विचारलं, “साहेब, तुम्हाला काय स्वप्न पडलं?” इतक्या वर्षांत त्यांना हे कुणीच विचारलं नव्हतं, मीसुद्धा नाही, याची मला त्या क्षणी फार लाज वाटली.

ते ओशाळून हसले. “मला कुठे झोप लागते रे? ही गेल्यापासून नाहीच. तुमचीच स्वप्नं ऐकायचो. तेवढंच बरं वाटायचं.”

हे मी सलीमला सांगितलं. दुसऱ्या दिवशी चहाच्या सुट्टीत मागच्या खोलीवरून जाताना त्याचा आवाज आला, म्हणून आत डोकावलो. सलीम हातवारे करून कुठल्याशा ढगावर खोक्यांची थप्पी रचत होता. साहेब खुर्चीत मागे रेलले होते, डोळे मिटलेले, आणि हळूच विचारत होते, “मग? पुढे?”